हरीण आडवं आलं

"केतकी, बघ, सिग्नल लाल झाला," आन्त्येकाकू पुढच्या सीटवरून म्हणाल्या. "रोट. म्हण बरं."

"रोट," मी मागून म्हणाले.

हेनिंगकाकांनी गाडी थांबवली.

"आता हिरवा. ग्र्यून."

"ग्र्यून."

गाडी सुटली.

हे दोन शब्द मी जर्मनीत उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात शिकले होते. आता ऑक्टोबर उजाडला होता, झाडं पिवळी पडली होती, तरी काकू प्रत्येक चौकात मला लाल आणि हिरवा शिकवत होत्या. मी बार्शीच्या कापड दुकानदाराची मुलगी. एकच माल दहादा उलगडून दाखवायची चिकाटी आमच्या घरातच होती, म्हणून मी चिडत नसे. उलट मला वाटे, किती जीव लावतात या परक्या मुलीला.

या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. अकरावी संपवून मी एका संस्थेतर्फे वर्षभरासाठी कील शहरात शिकायला गेले होते. 'बार्शी तेथे सरशी' म्हणत आप्पांनी गावभर पेढे वाटले होते. हेनिंग आणि आन्त्ये हे माझे तिथले यजमान. नावानंच हाक मार, असं त्यांनी पहिल्या दिवशी बजावलं. तोंडानं मी तसं म्हणतही असे, पण साठीच्या माणसाला एकेरी हाक मारताना जीभ अडखळे. मनातल्या मनात ते माझे काका-काकूच होते.

मी जायच्या आधीच काकूंनी घरभर चिठ्ठ्या चिकटवून ठेवल्या होत्या. खणावर 'चमचे', बरणीवर 'साखर', दारावर 'न्हाणीघर', सगळं जर्मनमध्ये आणि शेजारी छोटंसं चित्र. ते पाहून मला भरून आलं होतं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली होती, "बघ, माणसं चांगली मिळाली तुला. नशीब काढलंस."

काका पायलट होते. विमानाचे नव्हे, बंदराचे. परदेशी जहाज बंदरात शिरायचं तर त्यावर दोराच्या शिडीनं चढून कॅप्टनला वाट सांगायची, हे त्यांचं काम. गुडघे दुखतात म्हणून आदल्या वर्षी त्यांनी ते सोडलं, असं काकूंनी मला सांगितलं होतं. घरात मात्र काका जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढत. मी ते पाहिलं होतं आणि गप्प बसले होते. पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं.

ऑक्टोबरात तिथे शाळांना सुट्टी असते. त्या सुट्टीत काका-काकू मला किनाऱ्यावरची शहरं दाखवायला निघाले होते. ल्युबेक, विस्मार, रोस्टॉक आणि शेवटी श्ट्रालझुंड. सगळी जुनी बंदरं, लाल विटांची उंच देवळं, आणि त्या दिवसांत सतत भुरकं आभाळ. गाडी काकाच चालवणार हे ठरलेलंच होतं. काकूंकडे परवाना होता, पण लग्नानंतर त्यांनी कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

ल्युबेकला दुसऱ्या दिवशी सकाळी काका पाव आणायला म्हणून बाहेर पडले ते आलेच नाहीत. चहा निवाला. काकू आधी हसून म्हणाल्या, "गप्पा मारत बसला असेल." मग हसू गेलं. कोट अंगात न घालताच त्या निघाल्या, मी मागोमाग. पावाचं दुकान हॉटेलच्या समोरच होतं. काका सापडले पार धक्क्यावर. हातात पावाची पिशवी, नजर पाण्यावर. एक टगबोट जहाज ओढत होती आणि ते तिच्याकडे एकटक बघत होते.

काकूंनी माझं मनगट धरलं. एवढं घट्ट, की त्यांच्या बोटांचे वळ उठले.

"त्याला जहाजं आवडतात," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आजपासून तो बाहेर निघाला की तूही बरोबर जा. शहर बघायचंय म्हण. मी सांगितलं असं सांगू नकोस."

"का?" मी विचारलं.

"जा म्हटलं ना."

असं त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या.

विस्मारला आम्हाला तिघांत एकच मोठी खोली मिळाली. संध्याकाळी जेवून आलो. काका खिडकीपाशी पाइप साफ करत बसले होते. काकूंनी खोलीला आतून कुलूप लावलं, किल्ली काढून घेतली आणि आपल्या मोज्यात सारली. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी फक्त ओठांवर बोट ठेवलं.

मी पांघरूण डोक्यावर घेतलं. कोणाला कोंडलंय इथे, मला की काकांना? बाई नवऱ्याला एकटं सोडत नाही, त्याच्यावर मला पाळतीला ठेवते, किल्ली लपवते. आमच्या गल्लीतल्या कजाग बायकाही एवढं करत नसत. मला काकूंची भीती वाटू लागली, आणि काकांची कीव.

सकाळी रस्त्यावरच्या फोनवरून घरी फोन लावला.

"जेवतीस का नीट?" आईचा पहिला प्रश्न.

"जेवते गं. आई, इथं कायतरी बरोबर नाही बघ. ह्या बाई लई विचित्र वागायला लागल्यात."

"म्हंजे? मारतिया काय तुला?"

"नाही गं. त्यांच्या नवऱ्याला कोंडून ठेवतेत. संस्थेतल्या बाईंना फोन करू का? एका दिवसात दुसरं घर देतेत."

आईच्या मागून दुकानातला पंखा घरघरत होता.

"केतके, नवरा-बायकोचं भांडण आन् आपण मधी? झाकली मूठ सव्वा लाखाची असती. परक्याच्या घरात नाक खुपसू नको. आन् मोठ्या माणसाला उलट बोलायचं न्हाई, सांगून ठेवते. उद्या तुझ्यामुळं त्यांची बदनामी झाली तर?"

"बरं," मी म्हणाले.

संस्थेचा नंबर माझ्या खिशात होता. मी फोन केला नाही.

रोस्टॉकला नाश्त्याच्या टेबलावर काकांनी अगदी प्रेमानं विचारलं, "तुझे वडील काय करतात गं?"

"कापडाचं दुकान आहे."

"वा. म्हणजे समुद्र कधी पाहिलेला नसणार तू."

याआधीही त्यांनी हेच विचारलं होतं, आणि उत्तरावर हेच म्हणाले होते. हसायचे तेही तेवढंच. मी काकूंकडे पाहिलं. त्या पावाला लोणी लावत होत्या, लावलेल्यावर पुन्हा लावत होत्या. डोळ्यांखाली काळं झालं होतं. त्या रात्रभर जाग्याच असतात, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. यातलं कोण बरं आणि कोण बिघडलेलं, मला काही उमजेना, आणि या दोघांबरोबर मला पुन्हा त्या गाडीत बसायचं होतं.

श्ट्रालझुंडच्या वाटेवर पेट्रोल भरायला थांबलो. काकू उतरल्या आणि दाराला धरून उभ्या राहिल्या. झोपेनं त्यांना धड उभं राहवत नव्हतं.

"केतकी, तू पुढे बस. मी मागे जरा पाठ टेकते. पाट्या, वळणं, सिग्नल, दिसेल ते मोठ्यानं वाच. तुझा अभ्यास होईल."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं," त्या म्हणाल्या. "विसरू नकोस."

मी पुढे बसले. मागे काकूंना बसल्या-बसल्या झोप लागली. पंपावरून निघून आम्ही एका अरुंद रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना मोठाली झाडं, वर त्यांची कमान, खाली पानांचा एवढा खच की रस्त्यावरचा मधला पांढरा पट्टा दिसेना. धुकं होतं. सिग्नल नव्हते, पाट्या नव्हत्या, वाचायला काहीच नव्हतं. काका गुणगुणत होते.

त्या देशात गाडीत बसलं की माझ्या पोटात गोळा येई. तिथे उजवीकडून चालतात. समोरून येणारी प्रत्येक गाडी मला चुकीच्या बाजूनं आल्यासारखी वाटे, वळणावर माझे पाय आपोआप आवळले जात. त्या दिवशी मात्र गोळा आला नाही. रस्ता एकदम ओळखीचा वाटू लागला. सोलापूरहून बार्शीला येताना वाटतो तसा. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मी पाय सैल सोडले, पाठ टेकली. वाटलं, रुळले बाई एकदाची.

धुक्यात दोन दिवे दिसले. मी त्यांच्याकडे निवांतपणे बघत होते. ते मोठे झाले आणि समोरून सरळ आमच्यावरच यायला लागले. ट्रक होता. त्याचा भोंगा सुरू झाला तो थांबेचना.

तेव्हा मला कळलं. आम्ही डावीकडून चाललो होतो.

"उजवीकडं," मी ओरडले, ते मराठीत. काका गुणगुणतच होते. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग माझ्याकडे ओढलं. गाडी पानांवरून घसरली, खडबडत कडेच्या गवतात गेली आणि झाडापासून हातभर अंतरावर बंद पडली. ट्रक शेजारून गेला तेव्हा काचा थरथरल्या.

"काय झालं?" काकू मागून दचकून उठल्या. "हेनिंग, काय झालं?"

काकांनी शांतपणे हँडब्रेक ओढला.

"हरीण," ते म्हणाले. "हरीण आडवं आलं."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. माझे दात वाजत होते. मी सतरा वर्षांची होते, आणि मोठ्यांना खोटं पाडायचं नाही हे मला बोलायला शिकले तेव्हापासून शिकवलेलं.

"हो," मी म्हणाले. "हरीणच होतं."

पुढचा सगळा रस्ता काकू मागून दोन्ही सीटच्या मधे वाकून बसल्या होत्या आणि घसा बसेपर्यंत मला जर्मन शिकवत होत्या.

श्ट्रालझुंडला दुपारी धक्क्यावर गेलो. काका पाण्याच्या कडेला उभे राहिले, दिसतील एवढ्या अंतरावर. काकू माझ्याजवळ बाकावर बसल्या.

"हरीण नव्हतं ना?"

मी मान हलवली.

"कुठल्या बाजूनं चालला होता?"

"डावीकडून. आमच्याकडं तसंच चालतात. मला कळलंच नाही."

त्यांनी काकांकडे एकदा बघून घेतलं.

"त्याला विसरण्याचा आजार आहे," मग त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी एका जहाजावर चढला आणि कुठलं बंदर तेच आठवेना. घरी पाठवलं. डॉक्टरांनी वसंतातच सांगितलं, गाडी बंद. त्याच्या तोंडावर सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो तेही विसरला होता. पुन्हा सांगायची माझी हिंमत झाली नाही. गाडीशिवाय त्याच्याकडे उरलंय काय?"

"मग त्या चिठ्ठ्या?"

"त्याच्यासाठी. पण त्याच्यासाठी म्हणून लावल्या असत्या तर त्यानं त्या बघितल्या असत्या का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी संस्थेकडे मुद्दाम अशी मुलगी मागितली होती, जिला भाषा येत नाही."

मला रागाचा कढ आला. एवढे दिवस मी 'रोट' म्हणत होते, 'ग्र्यून' म्हणत होते, आईला कौतुक सांगत होते, आणि मी त्या घरात होते ती आडोसा म्हणून. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, आणि ज्या पदराआड लपवायचं तो पदर म्हणजे मी. आणि त्याच वेळी त्या बाईचे लाल झालेले डोळे बघून मला रडूही येत होतं.

"दोनच दिवस," काकूंनी माझा हात धरला. "घरी पोचेपर्यंत. गाडीची किल्ली मी घेईन त्या दिवशी तो संपेल. तुझ्या पाया पडते, कोणाला सांगू नकोस." असंच काहीसं त्या म्हणाल्या. पाया पडणं माझ्या मनानं घातलं असेल, पण त्यांचा हात तसाच होता.

मी माझा हात हळूच सोडवून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका फिरायला निघाले. सांगितल्याप्रमाणे मीही निघाले. वारा उलटा वाहत होता आणि पाणी धक्क्याच्या पायऱ्या चढून येत होतं. काका एका खांबाला टेकून उभे राहिले. त्यांचे डोळे त्या दिवशी लख्ख होते.

"हरीण नव्हतं," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे वळले.

"जहाजावर पायलट सुकाणू धरत नाही, माहीत आहे? तो फक्त मोठ्यानं सांगतो. सुकाणूवरचा माणूस ऐकलेलं पुन्हा मोठ्यानं म्हणतो, आणि मग चाक फिरवतो. आन्त्ये सांगते, तू म्हणतेस, मी फिरवतो." ते हसले. "जन्मभर जे काम केलं ते बायको माझ्यावर करतेय, हे मला कळणार नाही? डॉक्टर म्हणाले ते मी विसरलो नव्हतो. विसरलो असं तिला वाटलं. मी वाटू दिलं."

"का?"

"तिनं एवढ्या हौसेनं चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. मला कळतंय हे तिला कळलं, की ती रडणार. आता मधे दिवसचे दिवस काही आठवत नाही, पण हे आठवतं." त्यांनी कोटाच्या खिशातून रेल्वेचं तिकीट काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. "तू आज रेल्वेनं कीलला जा. स्टेशन जवळ आहे. आम्ही दोघं मागून येऊ."

"मग वाट कोण वाचणार?"

"वाचायची गरज नाही. वरच्या कड्यांवरून एक रस्ता जातो, अगदी समुद्राच्या काठानं. आन्त्येला फार आवडतो. तिला तो एकदा दाखवायचाय, मला ओळखू येतोय तोवर."

त्यांच्या आवाजात काहीच वेगळं नव्हतं. माझ्या अंगावर मात्र सरसरून काटा आला. आदल्या दिवशीचे ते दोन दिवे पुन्हा डोळ्यांसमोर आले, आणि या वेळी शेजारच्या सीटवर मी नव्हते.

हॉटेलवर परतलो. काकू नाश्त्याच्या टेबलावर थांबल्या होत्या. काकांनी बसताना सवयीनं गाडीची किल्ली बशीशेजारी ठेवली. मी बसले नाही. खुर्चीची पाठ धरून उभी राहिले. आईचं सांगणं कानात घुमत होतं, झाकली मूठ, झाकली मूठ. मला आईचाही राग आला.

"मी रेल्वेनं जाणार नाही," मी म्हणाले, आणि तिकीट टेबलावर टाकलं. "आणि यांनी गाडी चालवायची नाही. आन्त्ये, त्यांना सगळं माहीत आहे. चिठ्ठ्या माहीत आहेत, डॉक्टर माहीत आहेत. तुम्ही रडाल म्हणून ते बोलत नाहीत, आणि ते संपतील म्हणून तुम्ही बोलत नाही. तुमच्या या न बोलण्यात काल आपण तिघं मेलो असतो."

शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. आजवर मी आप्पांच्या समोर पंख्याचा वेगसुद्धा न विचारता वाढवला नव्हता.

काकूंनी तिकिटाकडे पाहिलं. एकच तिकीट. मग त्यांनी काकांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"कुठे नेणार होतास मला, हेनिंग?"

काकूंनी हात लांब करून किल्ली उचलली. काकांनी अडवलं नाही.

काकूंनी गाडी सुरू केली तेव्हा ती दोनदा बंद पडली. काका त्यांच्या शेजारी बसले, मी मागे. कोणी कोणाला काही शिकवलं नाही. शहराबाहेर पडल्यावर काका हळूहळू वाट सांगू लागले. इथून उजवीकडे, आता हळू, पुढे पूल लागेल. त्यांचा आवाज भरदार झाला होता. ते सांगतील तसं काकू वळत होत्या, घामानं त्यांची मान भिजली होती. रोस्टॉक मागे पडलं, विस्मार मागे पडलं.

मग एका ठिकाणी काम चालू होतं म्हणून रस्ता बंद करून गाड्या आतल्या खेड्यातून वळवल्या होत्या. खेड्याच्या टोकाला दोन फाटे फुटत होते. पाटी कुठेच नव्हती. काकूंनी वेग कमी केला.

"हेनिंग?"

काका एका फाट्याकडे बघत राहिले, मग दुसऱ्याकडे. त्यांचा जबडा हलला. मागच्या गाडीनं भोंगा वाजवला.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

एवढ्या महिन्यांत त्या दोघांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. काकूंनी गाडी कडेला घेतली. पलीकडे एका घरासमोर एक म्हातारी पानं गोळा करत होती.

"मलाही नाही," काकू म्हणाल्या. "विचारून येते."

त्या घाईनं उतरल्या आणि गाडी तशीच सुरू ठेवून रस्ता ओलांडून गेल्या. इंजिन चालू होतं. किल्ली आतच होती. ड्रायव्हरची सीट रिकामी होती आणि काका तिच्याकडे बघत होते. त्यांचा हात उचलला गेला. मी काकूंना हाक मारायला काच खाली करू लागले.

त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. किल्ली काढून, मागे न वळता, त्यांनी हात सीटच्या वरून माझ्याकडे केला.

"ती येईपर्यंत तुझ्याकडे ठेव," ते म्हणाले. "मी मागितली तरी देऊ नकोस."

मी किल्ली घेतली. काकू म्हातारीशी बोलत होत्या, म्हातारी हातातल्या खराट्यानं रस्ता दाखवत होती. तेवढ्यात काकांनी एकदा किल्ली मागितली, अगदी गोड आवाजात. मी दिली नाही.